थॉर्बीच्या कोबीरानावर पारव्यांशी जाहलेल्या रणाची हकीकत

श्री.

मौजे थॉर्बी, परगणे लिंकनशायर, येथील समस्त भले गृहस्थ, बाया, पाद्रीबाबा आणि डाकघराच्या दारी उभे राहून बोलणारे जाणते यांनी फर्माविले की, गेल्या हिवाळ्यात ऑडलिंगांच्या रानी जो प्रसंग गुदरला त्याचे बोलणे ज्याच्या त्याच्या तोंडी निराळे आहे, कोणी म्हणतो पारवे पाचशे होते, कोणी म्हणतो पाच हजार, कोणी म्हणतो ऐन रणात बाया रडत होत्या, कोणी म्हणतो हसत होत्या, तरी खरे काय ते एकदा कागदावर यावे. त्यावरून जे पाहिले, जे ऐकिले, आणि ज्यांनी रण केले त्यांच्याच स्वयंपाकघरात बसोन जे विचारिले, ते येथे लिहिले असे. यात पदरचे काही नाही. कोठे काही वाढीव वाटले तर ते नॉर्मनसाहेबांचे समजावे, त्यांस ती सवय आहे.

राजश्री थेल्माबाई ऑडलिंग म्हणजे वय वर्षे सदुसष्ट, उंचीने बेताच्या, बोलण्यात मोजक्या, आणि थंडीत लोकरी टोपी कानांखाली ओढली म्हणजे लांबून टोपीच चालत येते ऐसे वाटावे. बापापासोन आलेली टेकडीवरची जमीन, एकशें साठ गाभण मेंढ्या आणि एक नवरा, इतकी दौलत त्या राखून होत्या. नवरा राजश्री नॉर्मनसाहेब. त्यांचा उजवा खुबा नाताळाआधी डॉक्टरांनी काढोन धातूचा बसविला, तेव्हापासोन साहेब खिडकीपाशी खुर्चीत विराजमान, आणि तेथून दुर्बिणीने तमाम मुलूख न्याहाळीत, सल्ला देत, आणि बिस्किटे खात.

मेंढ्यांची हिवाळ्याची बेगमी म्हणोन बाईंनी घरामागील सात एकरांत चाऱ्याचा कोबी लाविला होता. हा कोबी गड्डा धरीत नाही. कमरेइतका दांडा आणि त्यावर रुंद कुरळी पाने. गवत मेले म्हणजे तारेचे कुंपण रोज थोडे सरकवून मेंढ्यांस एकेक पट्टा मोकळा करावा, आणि मार्चअखेर कोकरे होईतो पुरवावा, ऐसा बापाच्या वेळचा शिरस्ता. पट्टे किती आणि दिवस किती याचा मेळ बाईंनी बोटांवर घातला होता आणि तो बरोबर जमत होता.

मग फेब्रुवारी लागला आणि बर्फ पडू लागले. तीन दिवस आणि तीन रात्री पडले, वाटा बुजल्या, कुंपणे बुजली, सारा मुलूख धुतल्या चादरीसारखा जाहला, आणि त्या चादरीवर हिरवे म्हणोन एकच ठिगळ उरले, ते थेल्माबाईंचे कोबीरान. ही बातमी पारव्यांस कोणत्या हरकाऱ्याने दिली ते कळत नाही, परंतु चौथे दिवशी उजाडता उजाडता ती उत्तरेपासोन समुद्रापर्यंत पोहोचली होती.

गनीम कैसा? तर अंगाने राखी, छातीस गुलाबी झाक, मानेस दोहों बाजूंस पांढरा पट्टा, जैसा पाद्रीबाबांचा गळपट्टा, आणि मुद्राही तैशीच शांत, जणू काही जेवावयास रीतसर बोलाविले आहे. ऐसे दोन हजार रानपारवे एकदम उतरले आणि पंगत मांडिली. गळ्याखालची थैली भरभरोन इतकी खाल्ली की उडताना मागले शेपूट खाली लोंबे. थेल्माबाई सकाळी पट्टा मोकळा करावयास गेल्या तों पट्टाभर नुसते दांडे आणि पानांच्या शिरा, जैशा वादळात उलट्या जाहलेल्या छत्र्या. मेंढ्या आत आल्या, दांडे हुंगिले, आणि सर्वांनी मिळोन थेल्माबाईंकडे पाहिले. बाईंस ते पाहणे सोसवेना. कारण की दांडे खाऊन गाभण मेंढी जगते, परंतु पोटातली जुळी जगत नाहीत, हे बाईंस कोणी सांगावयास नको होते. लहानपणी एका ऐशाच हिवाळ्यात बापाने मेलेली कोकरे हातगाडीवर घालून नेली ते त्यांनी पाहिले होते.

तेव्हां प्रथम तोफखान्याची मसलत जाहली. गॅसवर चालणारी एक तोफ शेजारगावाहून आणविली. ती रानाच्या मध्यभागी ठेवोन दिली म्हणजे दर वीस मिनिटांनी आपले आपण धडाका करी. पहिले दिवशी आवाज होताच फौज मैलभर पळाली. दुसरे दिवशी शेताच्या कडेपर्यंत गेली. तिसरे दिवशी कमरेइतकी उठोन पुन्हा बसली, आणि चौथे दिवशी एक जाडा पारवा खासा तोफेच्या नळीवरच बसोन पंख साफ करू लागला. त्या दिवशी तोफेस दचकणारे एकटे नॉर्मनसाहेब उरले, आणि त्यांच्या चहाच्या तीन कपांस शिकस्त आली.

मग बुजगावणे उभे केले. त्यास नॉर्मनसाहेबांचा लग्नातला कोट घातला. पारव्यांनी त्या कोटाचा बहुत मान राखला आणि वारा सुटला म्हणजे त्याच्या आडोशास बसू लागले.

मग नॉर्मनसाहेब म्हणाले की आता खाशी स्वारी निघेल. खुर्चीसह त्यांस गोठ्याच्या दारात नेले, मांडीवर घोंगडी, हाती दुनळी बंदूक, आणि समोर बर्फात प्लास्टिकचे आठ तोतये पारवे काडीवर टोचून मांडिले, की खऱ्या पारव्यांनी आपला कबिला समजोन खाली यावे. पारवे आले. साहेबांनी बार मागून बार काढिले. धूर विरला तेव्हां रणात पाच पडलेले दिसले आणि साहेबांच्या मुखावर तेज आले. थेल्माबाई जाऊन पाहोन आल्या.

"नॉर्मन, तू आपलेच मारलेस."

"सगळे?"

"पाच. तीन चुकलेत, ते अजून उभे आहेत."

"फारच हुबेहूब केलेत गं."

"त्यांच्याखाली काडी होती."

"लांबून काडी पायासारखीच दिसते," साहेब म्हणाले, आणि बंदूक खाली ठेवोन त्यांनी रणसंन्यास घेतला.

त्या सायंकाळी स्वयंपाकघरात मसलत बसली. बाहेर पारवे पोटे भरोन दक्षिणेस चालले होते, ओढ्यापलीकडच्या वनात, जेथे जुन्या झाडांवर आयव्हीचे वेल दाट माजले आहेत आणि गनिमाची रात्रीची छावणी पडते. ते वन राजश्री बेरिलबाई डॉबर यांचे. आता बेरिलबाई कोण, ते लिहिल्यावाचून पुढील कथा कळणार नाही.

बेरिलबाई म्हणजे वय एकोणसत्तर, काठीसारख्या उंच, नाकाने धारदार, आणि हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या गोळीने फोडण्याच्या शर्यतीत ओळीने तीन साल परगण्याचा मान जिंकलेल्या. त्यांची बंदूक खांद्यास लागली म्हणजे तबकडीने आपले आपणच फुटावे, ऐसी त्यांची कीर्ती. थेल्माबाई आणि त्या शाळेत एका बाकावर बसल्या, एकीच्या लग्नात दुसरी करवली, एकीची मेंढी अडली की दुसरीने बाह्या सरसावल्या. परंतु अकरा वर्षांमागे, ऑगस्टात, फुलांच्या प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी, थेल्माबाईंच्या आठ मेंढ्या कुंपण मोडोन बेरिलबाईंच्या बागेत शिरल्या आणि त्यांनी चाळीस डेलिया, प्रत्येकी ताटाएवढे, बुंध्यापासोन फस्त केले. थेल्माबाईंनी माफी मागितली, नवे कंद पाठविले, कुंपण स्वहस्ते बांधोन दिले. बेरिलबाईंनी दार लाविले. तेव्हापासोन गिरजाघरात एक डावे हाती बसे, दुसरी उजवे हाती, आणि पाद्रीबाबा प्रवचनात 'शेजाऱ्यावर प्रेम करा' हे वाक्य आले की पुस्तकाकडे पाहोन वाचीत.

नॉर्मनसाहेब म्हणाले, "बेरिलला सांग."

"मरेन, पण त्या बाईच्या दारात जाणार नाही."

"तू मरेपर्यंत मेंढ्या थांबणार नाहीत, थेल्मा."

बाईंनी बशा धुतल्या, पुसल्या, जागच्या जागी लाविल्या, आणि पुन्हा एकदा पुसल्या. मग कागद घेतला. चार कागद फाडिले आणि पाचव्यावर खलिता तयार जाहला. सकाळी टपाल घेऊन मेविस नामे डाकवाली बर्फात लाल गाडी रुतवीत आली, तिच्या हाती तो दिला. मेविसने पाकिटावरचे नाव पाहिले, थेल्माबाईंचे तोंड पाहिले, आणि टपाल वाटप सोडोन थेट ओढ्यापलीकडे गेली. खलित्यातील मजकूर येणेप्रमाणे: 'बेरिल. माझ्या कोबीवर दोन हजार पारवे आहेत. ते तुझ्या झाडांवर झोपतात. म्हणजे निम्मे तुझे. थेल्मा.'

तासाभरात जाब आला. 'थेल्मा. झोपतात माझ्याकडे, जेवतात तुझ्याकडे. म्हणजे सगळे तुझे. गुरुवारी सातला येते. बेरिल.'

मेविस म्हणाली, "मिसेस ऑडलिंग, पाकीट बंद होतं, मी काही वाचलेलं नाही. पण गुरुवारी सातला माझी कामाची पाळी नसती तर बघायला आले असते."

गुरुवारी उजाडता बेरिलबाईंची स्वारी दाखल जाहली. बरोबर दुनळी बंदूक, काडतुसांच्या दोन पेट्या, दोन डझन तोतये, हिरवे-करडे जाळे, आणि डचेस नामे काळी लॅब्रेडोर कुत्री, वय तेरा, कानांनी ठार बहिरी, म्हणोन तोफखान्यास अत्यंत लायक. थेल्माबाई फाटकाशी उभ्या होत्या. अकरा वर्षांनी दोघी समोरासमोर आल्या. काय बोलणे होते याकडे नॉर्मनसाहेबांनी दुर्बीण रोखली.

"तुझी टोपी तीच आहे," बेरिलबाई म्हणाल्या.

"डोकं तेच आहे," थेल्माबाई म्हणाल्या.

इतका सलोखा होऊन तह सुरू जाहला, आणि पहिल्याच कलमावर अडला. बेरिलबाईंनी वारा पाहिला, आकाश पाहिले, आणि हुकूम सोडिला की मोर्चा कोपऱ्यातल्या जुन्या अ‍ॅशच्या झाडाखाली बांधावा, कारण पारव्यांची हवेतली वाट तेथून जाते. थेल्माबाई म्हणाल्या की मोर्चा फाटकापाशी बांधावा, कारण कोबी तेथेच अधिक खाल्ला आहे.

"खातात कुठे ते बघायचं नसतं. येतात कुठून ते बघायचं असतं."

"रान माझं आहे."

"पारवे तुझे, रान तुझं. मला कशाला बोलावलंस?"

"नेम तुझा म्हणून."

बेरिलबाईंनी श्वास सोडिला, त्याची मोठी वाफ जाहली, आणि त्या फाटकाकडे चालू लागल्या. तेथे चार काठ्या रोवून जाळे ताणिले, जाळ्यात कोबीचे दांडे खोविले, आत दोन घडीची स्टुले मांडिली, आणि समोर वाऱ्याकडे तोंडे करोन घोड्याच्या नालासारखी तोतयांची पंगत बसविली, मध्ये उतरावयास जागा मोकळी सोडोन. एका लपणात एका वेळी एकच बंदूक चालेल, दुसरीने टेहळणी करावी, आणि बोलणे कुजबुजीच्या वर जाऊ नये, ऐसे ठरले. डचेस दोघींच्या पायांवर आडवी पडली आणि झोपली.

पहिला तास गेला. दुसरा गेला. पारवे आले, परंतु कैसे? तर अ‍ॅशच्या झाडावरून आले, तोतयांकडे एक नजर टाकोन रानाच्या पलीकडच्या टोकास उतरले, बंदुकीच्या मारापासोन पुष्कळ दूर, आणि निवांत जेवू लागले. बेरिलबाई अ‍ॅशच्या झाडाकडे पाहात, मग थेल्माबाईंकडे, मग पुन्हा झाडाकडे. बोलल्या काही नाहीत. थेल्माबाईंस वाटे की बोलली असती तर बरे. पायांची बोटे बधिर जाहली. पलीकडल्या टोकास त्यांच्या मार्चच्या पट्ट्यांची पाने डोळ्यांदेखत जात होती.

दहाच्या सुमारास चाळीसांची एक टोळी फुटोन फाटकाकडे वळली. नालासारख्या पंगतीवर एक घिरटी घातली, पंख आखडले, उतरू लागली. बेरिलबाईंची बंदूक खांद्यास लागली. इतक्यात थेल्माबाईंच्या खिशातून मोबाइल फोन खणखणला, आणि चाळीसच्या चाळीस पारवे आकाशास मिळाले.

थेल्माबाईंनी फोन कानास लाविला, ऐकिले आणि कुजबुजल्या, "खालच्या फळीवर, मोहरीच्या मागे." मग ठेविला.

"कोण?" बेरिलबाईंनी पुसिले.

"नॉर्मन. लोणच्याची बरणी सापडत नव्हती."

"अकरा वर्षांत काहीच बदललं नाही म्हणायचं."

"खुबा बदलला."

बेरिलबाईंच्या नाकपुडीस एक बारीक थरथर आली, ती त्यांनी रुमालाने पुसली. परंतु बोलण्यास वाट जाहली ती जाहली. मग थेल्माबाई पुढे पाहातच म्हणाल्या, "डेलिया परत लावलेस का गं?"

"नाही."

"मी कंद पाठवले होते."

"खतात टाकले."

"चांगले होते ते."

"माहीत आहे. खतातसुद्धा उगवले. तीन उन्हाळे फुलले मेले."

"उपटले नाहीस?"

"रोज जाऊन बघायचे. रागाने."

वारा जरा फिरला. डचेस झोपेत पाय हलवू लागली. बेरिलबाईंनी बंदूक बिजागरीपाशी मोडून, नळ्या उघड्या करोन मांडीवर घेतली, काडतुसे काढोन तळहातावर धरली, आणि त्यांच्याकडे पाहात म्हणाल्या, "मेंढ्यांनी फुलं खाल्ली म्हणून मी बोलायची थांबले असं गाव म्हणतं. मेंढ्या आहेत, खाणारच. तू हसलीस, थेल्मा."

थेल्माबाईंचा हात टोपीच्या कडेस गेला.

"मी झोपायच्या कपड्यात चाळीस बुंध्यांपुढे उभी होते. आदल्या महिन्यात आईला पुरून आले होते. ती फुलं आईच्या कंदांची होती. तू कुंपणापाशी आलीस आणि हसलीस. मी तुला ओळखते म्हणून सांगते, ते घाबरून हसणं नव्हतं."

आता थेल्माबाई बहुत खजील जाहल्या. आईचे कंद होते हे त्यांस ठाऊक नव्हते. टोपी त्यांनी काढिली, मांडीवर ठेविली, आणि केस विस्कटलेले तैसेच राहू दिले. अकरा वर्षे हे मनात होते, आणि ते सांगितले तर अधिक बिघडेल की कमी, याचा त्यांस कधी अंदाज आला नव्हता. तथापि आता जाळ्यातून बाहेर जाण्यास वाट नव्हती.

"हसले," त्या म्हणाल्या. "पण तुला नाही."

"तिथं तिसरं कोण होतं?"

"अ‍ॅगाथा."

"कोण अ‍ॅगाथा?"

"माझी मेंढी. काळ्या तोंडाची. तुझ्या मागे उभी होती. सगळ्यांत मोठा लाल डेलिया देठासकट तोंडात आडवा धरून. खात नव्हती, बेरिल. नुसती धरून उभी होती. मान अशी तिरपी. नाचायला निघाल्यासारखी. तू माझ्यावर ओरडत होतीस, आणि ती तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, जणू मी तिला हात द्यावा."

बेरिलबाई स्टुलावरच थेल्माबाईंकडे वळल्या.

"मान कशी?"

थेल्माबाईंनी मान तिरपी करोन दाखविली, आणि कोबीचा एक दांडा दातांत आडवा धरिला, की नीट कळावे.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

थेल्माबाईंनी दांडा तोंडातून काढिला. "दार बंद होतं. आणि टपालाच्या फटीतून ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती."

प्रथम बेरिलबाईंचे स्टूल हलू लागले. मग जाळे हलू लागले. मोठ्याने हसावयाची मनाई, म्हणोन हसणे आत कोंडले आणि नाका-डोळ्यांतून वाट काढू लागले. बेरिलबाईंनी रुमाल तोंडात कोंबिला. थेल्माबाईंनी टोपीत तोंड घातले. एक थांबे तों दुसरी मान तिरपी करी, आणि पुन्हा पहिल्यापासोन सुरू. अश्रूंच्या धारा लागल्या, बरगड्या दुखू लागल्या, आणि बेरिलबाई "आई असती तर तीही..." इतकेच बोलल्या आणि पुढे त्यांस बोलवेना, ते हसणे होते की रडणे, याचा निवाडा त्यांनी स्वतः अद्याप केलेला नाही, म्हणोन गावातील दोन्ही बोलणी खरी धरावी.

ऐसियास त्याच वेळी काय जाहले? तर पलीकडल्या टोकाची सारी फौज, दोन हजार पाखरू, खात खात पुढे सरकली आणि उडी मारोन थेट तोतयांच्या पंगतीत उतरली. पुढे पारवे, मागे पारवे, जाळ्यापासोन दहा पावलांवर पारवे. ऐसी संधी परगण्यात कोणास आजवर लाधली नव्हती. आणि लपणात काय अवस्था? तर बंदूक मोडलेली, काडतुसे बर्फात सांडलेली, आणि दोन्ही सरदार एकमेकींच्या खांद्यावर कोसळलेले. खिडकीत नॉर्मनसाहेबांनी दुर्बीण खाली ठेविली, पुन्हा वर घेतली, आणि फोन करावा की काय या विचारात पडले.

तेव्हां डचेस जागी जाहली. तिने दोघींकडे पाहिले, जाळे नाकाने उचलिले, आणि बाहेर जाऊन पारव्यांच्या मधोमध उभी राहिली. एकदम आकाश फाटावे तैसा पंखांचा आवाज जाहला, आणि फौज उठली ती एका रांगेत, एकामागोमाग एक, पूर्ण दोन हजार, कोपऱ्यातल्या जुन्या अ‍ॅशच्या झाडावरून पार जाहली.

थेल्माबाईंनी डोळे पुसोन ते पाहिले.

"झाडाचं तू बरोबर सांगत होतीस," त्या म्हणाल्या.

"परत म्हण."

"एकदाच म्हणणार होते, ते म्हणून झालं."

मग मोर्चा हलविला. काठ्या उपटल्या, जाळे गुंडाळिले, तोतये गोळा केले, आणि दोघी बर्फात ढोपरभर रुतत, एकमेकींस ओढीत, वाटेत दोनदा थांबोन पुन्हा हसोन घेत, झाडाखाली पोहोचल्या. तेथे नवा नाल मांडिला. बेरिलबाई म्हणाल्या की गनिमास संध्याकाळपूर्वी थैली भरून घ्यावी लागते, उपाशी पोटी थंडीची रात्र निघत नाही, तरी तीनपासोन तो येईलच. तों भाकरी सोडल्या. म्हणजे पावात चीज आणि डुकराचे खारवलेले मांस. नॉर्मनसाहेबांस लोणचे सापडले होते, परंतु ते पाठवावयास कोणी नव्हते.

तिसऱ्या प्रहरी पहिली टोळी आली. वारा तोंडावर घेऊन, पंख पसरोन, पाय पुढे करोन झाडावरून खाली उतरू लागली, आणि बेरिलबाई उभ्या राहिल्या. पुढे जे जाहले ते पाहणाऱ्यांनीच वर्णावे. बंदूक वर गेली ती दिसे आणि पारवा खाली आला तो दिसे, मधले काही दिसेना. थेल्माबाई टेहळणीवर बसोन "डावीकडून तीन, वरून दोन, झाडामागे एक, तो नको, तो लांब आहे" ऐसे कुजबुजत, आणि बेरिलबाई न बोलता तैसेच करीत, जैशा कधी एका बाकावर बसोन एकीने गणित सांगावे आणि दुसरीने लिहावे. जे पडले त्यांस डचेस म्हातारपणाच्या इतमामाने, एकेक करोन, न चुरडता आणी. मग त्या मेलेल्यांच्या हनुवटीखाली काडी देऊन त्यांचेच नवे तोतये मांडिले, तेव्हां गनीम आपल्याच मृतांच्या पंगतीस फसू लागला.

चारच्या सुमारास बेरिलबाईंचा खांदा भरोन आला. त्यांनी बंदूक मोडून थेल्माबाईंच्या हाती दिली. थेल्माबाईंनी तीस वर्षांत उडत्या पारव्यावर बार काढिला नव्हता. पहिले चार आभाळास लागले.

"पारव्याकडे नको बघूस," बेरिलबाई मागून म्हणाल्या. "तो जिथं जाणार आहे तिथं बघ."

पाचव्या बारास एक मोठा पारवा हवेतच थबकला आणि गरगरत बर्फात येऊन पडला. थेल्माबाई त्याच्याकडे पाहात राहिल्या. त्याच्या फुटल्या थैलीतून त्यांच्याच कोबीची हिरवी पाने बर्फावर सांडली होती, मूठभर, अजून ताजी. मग त्यांनी बंदूक पुन्हा भरिली आणि त्यापुढे नऊ पाडिले.

साडेचारास गनिमाच्या फौजेत फूट पडली. उतरणाऱ्या टोळ्या मध्येच वळू लागल्या, झाडावर घिरट्या घालोन एकमेकींत मिसळू लागल्या, आणि अखेरीस समस्त फौज एका मोठ्या राखी ढगासारखी उंच उठोन, बेरिलबाईंच्या वनातली छावणी सोडोन, पूर्वेकडे टेकड्यांपलीकडे निघोन गेली. तिकडील जमीनदारांनी पुढे काय केले ते त्यांच्या गावच्या लोकांनी लिहावे.

तरी या मोहिमेची नोंद येणेप्रमाणे. रण माहे फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी सातापासोन सांजेच्या पाचापर्यंत. गनिमाकडील पडले त्र्याण्णव; नॉर्मनसाहेबांनी पूर्वी पाडलेले पाच यात धरिलेले नाहीत. आपणाकडील जखमी कोणी नाही, बेरिलबाईंच्या बरगड्या दुखावल्या त्या बंदुकीने नव्हे. पारव्यांपैकी चार पाद्रीबाबांस, सहा मेविस डाकवालीस, दहा बेरिलबाईंच्या मांस गोठवायच्या पेटीस, आणि उरलेले नॉर्मनसाहेबांनी खुर्चीत बसोन स्वहस्ते सोलिले, त्यामुळे स्वयंपाकघरात मार्चपर्यंत पिसे उडत होती. कोबी वाचला चार एकर. शेवटचा पट्टा मार्चच्या सव्वीस तारखेस मोकळा केला आणि पहिली जुळी सत्तावीस तारखेस पहाटे जाहली, दोन्ही उभी राहिली, दोन्ही प्याली. फत्ते थेल्माबाई ऑडलिंग आणि बेरिलबाई डॉबर यांची समाईक, यात उजवे-डावे करू नये.

आणि एवढे लिहून कागद मिटावा तों नॉर्मनसाहेबांनी खिडकीतून सांगितले ते राहिले, म्हणोन तेही लिहितो. दुसरे दिवशी, शुक्रवारी, आकाश मोकळे होते आणि दहा मैलांत पारवा औषधास नव्हता. सात वाजता साहेबांनी दुर्बीण लाविली तों झाडाखालच्या जाळ्यात कोणी बसलेले दिसले. थेल्माबाईंनी हातातली बशी तैशीच ठेविली, टोपी घातली आणि बंदूक न घेता बाहेर पडल्या.

"थेल्मा, पारवेच नाहीत," साहेबांनी मागून सांगितले.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि बर्फातून झाडाकडे गेल्या, आणि जाळे उचलोन आत शिरल्या. दोघी दुपारपर्यंत तेथे होत्या. साहेब म्हणतात की जाळे मधून मधून हलत होते.